तळं नव्हे, ओली वाळू! जमिनीखालचं तेल आणि कार्बन डायऑक्साइड घरी कसं समजून घ्यावं

गेल्या वर्षी आमच्या नातीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी थर्माकोलचा देखावा केला होता. वर कारखान्याचं धुराडं, त्यातून निघून जमिनीत शिरलेली स्ट्रॉची नळी आणि खाली निळ्या रंगाची ऐसपैस गुहा. गुहेवर पाटी, 'येथे कार्बन डायऑक्साइड साठवला आहे'. शेजारी काळ्या रंगाची दुसरी गुहा, ती खनिज तेलाची. मी विचारलं, "बाळा, ही गुहा कुठे बघितलीस?" तर म्हणाली, "सगळ्यांच्या चित्रात असते की, आजी."

चित्रात असते, जमिनीत नसते. तिथे असतो खडक, आणि त्या खडकाच्या कणांमधल्या केसाहून बारीक फटींत पाणी, तेल, वायू हे सगळे दाटीवाटीने राहतात. त्या फटीत दगडाला कोण चिकटतं आणि मध्ये कोण राहतं, यावरच तेल किती निघणार आणि हवेत जाऊ नये म्हणून पुरलेला कार्बन डायऑक्साइड खाली राहणार का, हे ठरतं. मी एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. हे फळ्यावर सांगून कळत नाही, हाताने करावं लागतं. म्हणून थर्माकोल माळ्यावर टाकला आणि हरिपूरच्या आमच्या परसात बाटल्या मांडल्या. कुणाला आपल्या मुलांबरोबर करायचं असेल तर कसं केलं ते सांगते.

सामान

एक लिटरच्या पारदर्शक पाण्याच्या चार बाटल्या. मेडिकलमधून सलाईनचे दोन नवे सेट. वापरलेले दवाखान्यातून मागून आणू नका. सेटची सुई काढून मोठ्या माणसाने टाकून द्यायची. एम-सील. जुन्या सुती साडीचा तुकडा. शेंगतेल अर्धा लिटर, रतनजोत चिमूटभर, काकवी वाटीभर, पानाचा चुना, हळद, सोड्याची बाटली, लिंबू. आणि वाळू. कृष्णेची वाळू काळपट असते, कारण ती सह्याद्रीच्या काळ्या दगडाचीच झालेली. चहाच्या गाळणीने चाळून बारीक चुरा काढून टाका आणि पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा. आमच्याकडे आठ पाणी लागली.

रतनजोत तेलात कोमट करून गाळून घेतली की तेल लाल होतं आणि रंग पाण्यात उतरत नाही. आजीच्या केसांच्या तेलाचा रंग इथे कामाला येतो.

वाळूची बाटली

बाटलीचं बूड कापा. झाकणाला नळीच्या जाडीचं भोक पाडून सलाईनच्या नळीचं खालचं टोक त्यात बसवा आणि एम-सीलने बंद करा. तोंडाशी आतून साडीचं दुपदरी फडकं ठेवा, नाहीतर वाळू नळीत येते. ही बाटली तोंड खाली करून स्टुलाच्या भोकात किंवा डब्यात उभी करा. दुसरी, पाण्याची बाटली उलटी करून उंच खिळ्याला टांगा, तिच्या झाकणात सेटचं टोकदार टोक खुपसा आणि बुडाला हवेसाठी बारीक भोक पाडा. आता सेटवरच्या चाकाने पाण्याची धार हवी तेवढी करता येते. पाणी वाळूत खालून वर चढतं, हे महत्त्वाचं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून खालून रेटलं तरच ते नीट वर सरकतं.

आधी बाटलीत थोडं पाणी आणि मग त्यात वाळू, मुठीमुठीने. हा क्रम पाळा. मी पहिल्यांदा उलटं केलं. कोरडी वाळू भरली, वरून तांब्याने पाणी ओतलं आणि जागोजागी हवेचे बुडबुडे अडकले. बाटली आपटली, हलवली, काठीने टोचली. बुडबुडे जागचे हलेनात. नात वैतागली, मी मात्र खूश झाले, कारण फुकटात एक धडा मिळाला. वायू फटीतून पुढे जातो, मागून पाणी येतं, अरुंद जागी ते वायूचा धागा तोडतं आणि मागे एकटा बुडबुडा राहतो. त्याला बाहेर पडायचं तर समोरच्या बारीक वाटेतून अंग चोरून जावं लागेल आणि तेवढा जोर त्याच्यात नसतो. जमिनीत पुरलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग असाच सुटा सुटा अडकून पडतो. ती बाटली मी तशीच ठेवली. पंधरा दिवसांनीही बुडबुडे तिथेच होते.

वाळू बसली की तिच्यात पाणी किती मावलं ते मोजा. लिटरभर वाळूत साधारण साडेतीनशे ते चारशे मिली मावतं. बाहेरून भरीव दिसणारा वाळूचा दगड आतून असाच असतो, फक्त त्याच्या फटी आणखी लहान.

तेल आत, तेल बाहेर

वाळूवर साठलेलं पाणी काढून टाका आणि 200 मिली लाल तेल हळूच ओता. सेट पाण्याच्या बाटलीतून सोडवून खाली बादलीत सोडा. पाणी खालून निघेल तसं तेल वाळूत उतरेल. ते फडक्यापर्यंत पोहोचायच्या आत चाक बंद करा. लाल पट्टा दिसेल. हाच तुमचा तेलाचा साठा. आता सेट पुन्हा वरच्या बाटलीला जोडा आणि चाक अगदी थेंबाथेंबाने सोडा. तेल वर येऊन वाळूच्या माथ्यावर जमतं, ते सिरिंजने ओढून मोजा. आमच्याकडे दोन तास पाणी सोडूनही 200 पैकी साठ-सत्तर मिली आतच राहिलं. चाक पूर्ण सोडून बघितलं, पाणी तेवढं वेगाने वर आलं, तेल नाही.

दुसऱ्या बाटलीत उलटं करा. कोरड्या वाळूत आधी तेल, दिवसभर ठेवून मग पाणी. यात बरंच जास्त तेल मागे राहतं. वाळू तीच, तेल तेच. फरक एवढाच की पहिल्या बाटलीत दगडाला आधी पाण्याने धरलं होतं, दुसरीत तेलाने. तळणीचं जुनं तेल घेतलंत तर आणखी वाईट, कारण जळक्या तेलात दगडाला चिकटणारे रेणू जास्त असतात. खनिज तेलातही असे चिकट घटक असतात. मुंबई हायचा साठा 1974 साली सापडला, तिथला खडक चुनखडक. चुनखडकाला तेलातली आम्लं चांगलीच धरतात. त्यामुळे तेलाच्या विहिरीत आतल्या नैसर्गिक दाबाने जे यायचं ते येतं, मग पाणी रेटून आणखी काही येतं, तरी बहुतेक ठिकाणी निम्म्याहून जास्त तेल खालीच राहतं.

आता टांगलेल्या बाटलीत भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाका आणि पुन्हा सोडा. अडकलेलं तेल सुटायला लागेल. तेल आणि पाणी यांच्या सीमेवर जो ताण असतो तो साबणाने ढिला होतो. कार्बन डायऑक्साइडचं काम याच्या पुढचं आहे, पण त्यासाठी आधी रेणूंकडे बघायला हवं.

अंगणातले रेणू

दहा-बारा मुलं असतील तर हा खेळ खेळा. भिंतीला पाठ लावून तिघं हात पुढे करून उभे, ते म्हणजे वाळूचा दगड. चौघं पाण्याचे रेणू. पाण्याचा रेणू वाकडा असतो, एका अंगाला थोडा धन, दुसऱ्या अंगाला थोडा ऋण, म्हणून तो सतत कुणाचा तरी हात धरायला बघतो. बाकीचे कार्बन डायऑक्साइड. हा रेणू सरळ काठीसारखा, मध्ये कार्बन, दोन्ही टोकांना ऑक्सिजन. दोन्हीकडची ओढ एकमेकींना खोडते. त्यांनी हात खिशात घालायचे. मी टाळ्या वाजवेन तोवर सगळ्यांनी फिरायचं आणि हात मिळाला की धरायचा. दोन मिनिटांत भिंतीशी पाणी आणि मध्ये खिशात हात घातलेली मंडळी. कुणी सांगितलं नाही, तरी रांग लागली.

संगणकावर शास्त्रज्ञ हेच करतात. काही हजार रेणू, प्रत्येकावर बाकीच्यांची ओढ किती ते मोजायचं, थोडंसं सरकवायचं, पुन्हा मोजायचं. एकेक पाऊल फेम्टोसेकंदाचं, म्हणजे एका नॅनोसेकंदाची, सेकंदाच्या अब्जाव्या भागाची, हालचाल बघायला दहा लाख पावलं. आमच्या अंगणात दोन मिनिटं लागली आणि एकाचा गुडघा फुटला.

ओल्या फडक्याचं झाकण

हा प्रयोग सगळ्यात सोपा आणि मला सगळ्यात आवडतो. साडीचा कोरडा तुकडा चारपदरी करून तोंडाशी धरा आणि फुंका. हवा सहज जाते. आता तो भिजवून फुंका. गाल दुखतील. कापडाची भोकं तीच आहेत, पण त्यांत पाणी बसलंय आणि ते जागा सोडत नाही.

साठवणीच्या खडकावर जो चिखलदगडाचा थर झाकणासारखा असतो, तो असाच ओलं फडकं आहे. त्यात भोकं नसतात असं लोक समजतात. असतात, पण अतिशय लहान आणि पाण्याने भरलेली. भोकातलं पाणी ढकलून वायूला आत शिरायचं तर लागणारा दाब म्हणजे सीमेवरच्या ताणाची दुप्पट भागिले भोकाची त्रिज्या. खोलवर खारं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या सीमेचा ताण मीटरला सुमारे 0.03 न्यूटन धरा. वाळूच्या दगडात त्रिज्या 10 मायक्रोमीटर असेल तर उत्तर येतं वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सतराव्या हिश्शाएवढं, म्हणजे किरकोळ. झाकणाच्या थरात 10 नॅनोमीटर असेल तर साठ वातावरणांच्या आसपास. भोक हजारपट लहान, म्हणून पहारा हजारपट कडक. नॉर्वेजवळच्या उत्तर समुद्रात स्लाइपनर इथे 1996 पासून समुद्रतळाखालच्या वाळूच्या दगडात कार्बन डायऑक्साइड सोडत आले आहेत, सुरुवातीची बरीच वर्षं वर्षाला सुमारे दहा लाख टनांच्या घरात. तो वर येऊन ज्याला अडतो ते हेच झाकण.

घरी न करायचा प्रयोग

कार्बन डायऑक्साइड 31 अंश सेल्सिअसच्या वर आणि सुमारे 73 वातावरणांच्या वर दाबाखाली नेला की तो धड वायू राहत नाही, धड द्रव राहत नाही. दोघांमधली पातळीची रेघच पुसली जाते. थॉमस अँड्र्यूज यांनी बेलफास्टमध्ये काम करून 1869 साली हे नीट मांडलं. घरी हे करायला जाऊ नका, काच फुटली तर जीव जाईल. पण एक लक्षात ठेवा. ऑफिसात भिंतीला लावलेला कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक सिलिंडर असतो, त्यात गार दिवसांत द्रव असतो. सांगलीत वैशाखात पारा चाळिशीला टेकला की आत ती पातळीच उरत नाही. त्याच्या शेजारी बसून आपण चहा पितो.

जमिनीत दर शंभर मीटरला पाण्याच्या वजनाने साधारण दहा वातावरणं दाब वाढतो. म्हणून आठशे मीटरखाली हा वायू आपोआप त्या अवस्थेत जातो, दाट होतो आणि थोड्या जागेत मावतो. आठशे हा आकडा ढोबळ आहे. आपल्याकडे जमीन वरूनच उबदार असते, तेव्हा तेवढीच दाटी मिळवायला आणखी खोल जावं लागतं.

काकवी

एका वाटीत काकवी आणि तेल ढवळा. सीमा कायम राहते. दुसऱ्या वाटीत काकवी आणि पाणी. सीमा नाहीशी, आणि काकवी पातळ होऊन वाहायला लागते. खोल दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड तेलाशी या दुसऱ्या वाटीसारखा वागतो. तो तेलात शिरतो, तेल फुगतं, पातळ होतं, आणि दाब पुरेसा असला तर दोघांमधली सीमाच उरत नाही. सीमा नाही तर ताण नाही, ताण नाही तर अडकणं नाही. बुडबुड्यांनी जे केलं त्याच्या नेमकं उलट. अमेरिकेत टेक्सासमध्ये 1972 पासून असा वायू जमिनीत सोडून तेल काढणं मोठ्या प्रमाणावर चालू आहे. कॅनडात वेबर्न इथे 2000 पासून. सोडलेल्या वायूपैकी बराच खाली राहतो, हे खरं. पण निघालेलं तेल जाळायलाच काढलेलं असतं. एका हाताने पुरायचं आणि दुसऱ्याने उपसायचं, याला निव्वळ पर्यावरणाचं काम म्हणायला माझी जीभ वळत नाही.

यात एक अडचण आहे, तीही काकवीनेच दाखवता येते. फोटोफ्रेमच्या दोन काचा घ्या, एकीवर चमचाभर काकवी ठेवून दुसरी दाबून बसवा. मग एका कडेने काच हळूहळू उचला. हवा आत घुसते, पण सरळ रेषेत नाही. झाडाच्या फांद्यांसारखी फाटे फोडत जाते आणि मध्ये काकवीची बेटं राहतात. पातळ पदार्थ दाट पदार्थाला ढकलतो तेव्हा असंच होतं. खोलवरच्या कार्बन डायऑक्साइडचा वाहतानाचा चिकटपणा पाण्याच्या दशांशाइतकाच असतो, तो तेलाला बगल देऊन पुढे पळतो. म्हणून तेलवाले आलटून पालटून पाणी आणि वायू सोडतात, पाणी त्याला आवर घालतं. काचा लगेच धुवा, मुंग्या येतात.

चुना, हळद आणि आपला काळा दगड

पानाचा चुना हरभऱ्याएवढा पेलाभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी दोन पेल्यांत घ्या. डोळ्यांत जाऊ देऊ नका. एका पेल्यात चिमूटभर हळद टाका, कुंकवासारखं लाल होईल. दोन्हींत सोडा चमच्याचमच्याने घाला. बिनहळदीचा पेला दुधी होतो. चुन्यातलं कॅल्शियम आणि सोड्यातला कार्बन डायऑक्साइड यांचा दगड झाला, चुनखडीच ती. हळदीचा पेला लाल सोडून पिवळा होतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलं. थांबू नका, सोडा घालतच राहा, दुधी पेला परत नितळ व्हायला लागेल. आम्ल जास्त झालं की झालेला दगडही विरघळतो. नातीला हे उलट जाणं फार आवडलं. तिने तीनदा केलं आणि सोडा संपवला.

आइसलँडमध्ये हेल्लिशेइदी इथे 2012 साली कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्ट खडकात सोडला. बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह भरपूर असतं. आम्लपाणी ते सोडवून घेतं, त्यात स्वतःचं आम्लपण संपतं आणि मग कार्बोनेटचा दगड बसतो. दोन वर्षांच्या आत 95 टक्क्यांहून जास्त वायू असा दगड झाला, असं 2016 साली जाहीर झालं. बेसॉल्ट म्हणजे आपलाच काळा पाषाण. दख्खनच्या बेसॉल्टकडे शास्त्रज्ञांचं लक्ष आहे ते यामुळेच. फक्त त्या पद्धतीत एक टन वायूला सुमारे पंचवीस टन पाणी लागतं. दुष्काळी माण-खटाव किंवा जत-आटपाडीत जाऊन हे सांगून बघा. अमेरिकेत वाल्लुला इथे 2013 साली सुमारे हजार टन वायू पाण्यात न विरघळवता थेट बेसॉल्टात सोडून बघितला आणि तिथेही कार्बोनेट झालं.

माझं माहेर पाटणकडचं. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. वडिलांनी आम्हाला घोंगड्यांसकट अंगणात ओढलं होतं. धरणाच्या पाण्याचा दाब खडकाच्या भेगांत उतरतो आणि भेगेच्या दोन बाजूंची एकमेकींवरची पकड सैल करतो, हे आता अभ्यासाने मान्य झालेलं आहे. याचा आणखी अभ्यास करायला कराडच्या विंधनविवर भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेने कोयना भागात गोठणे इथे सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं. सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइट. तेव्हा जमिनीत काहीही दाबाने सोडायचं म्हटलं की मी पहिला प्रश्न दाबाचा विचारते, किती आणि कोण मोजणार.

शेवटचा प्रयोग रस्त्याकडेचा. विहिरीच्या किंवा खाणीच्या दगडांच्या ढिगात मांजऱ्या दगड शोधा, पांढऱ्या ठिपक्यांचा. लाव्हारसात वायूचे बुडबुडे होते, त्यांच्या पोकळ्या पुढे खनिजांनी भरल्या, ते हे ठिपके. त्यावर लिंबू पिळा. काही ठिपके ढिम्म राहतील, ते बहुधा झिओलाइट. काही फसफसतील, ते कॅल्साइट, चुनखडीचंच खनिज. तो फेस म्हणजे दगडात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड, कुणी पंप न लावता निसर्गाने पुरलेला.

प्रदर्शनात परीक्षकांनी आमच्या बाटल्या बघून विचारलं, "मॉडेल कुठाय?" नातीने त्यांच्या हातात ओलं फडकं दिलं आणि फुंकायला लावलं. बक्षीस थर्माकोलच्या ज्वालामुखीला गेलं.

तेलकट वाळू नदीत टाकू नका, मोरीतही नको. साबणाच्या पाण्याने धुवायचा मी प्रयत्न केला, आठ पाण्यांनंतरही ती हाताला तेलकटच लागते. आता तिचा गोठ्याच्या दाराशी थर दिलाय, तिथे चिखल होत नाही.